बेबी एट सन्स

बाळ अष्टपुत्रे यांना परीक्षक म्हणून बोलावणं आलं, ही बातमी राजाजीनगरातल्या त्यांच्या गल्लीत पसरली नाही. ती त्यांनी पसरवली. आधी तळमजल्यावरच्या गुरुराजांना सांगितली. याची काही गरज नव्हती, कारण बोलावणं गुरुराजांच्या मुलीनेच, हर्षितानेच, आणलं होतं. मग कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याला सांगितली. मग महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली. तिथे ती गुलाबाच्या फुलांखाली आणि 'सुप्रभात'खाली गाडली गेली, म्हणून दुपारी पुन्हा टाकली. संध्याकाळी तिसऱ्यांदा टाकली तेव्हा मंडळाच्या चिटणिसांनी नाइलाजाने एक अंगठा वर केला.

अष्टपुत्रे एका सरकारी कारखान्यातून सुट्या भागांची तपासणी करता करता निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट काढण्याचा पगार घेतलेला माणूस निवृत्तीनंतर एक तर तत्त्वज्ञ होतो, नाही तर तंत्रज्ञानप्रेमी. अष्टपुत्रे दुसऱ्या वाटेने गेले. तंत्रज्ञानावर प्रेम करणाऱ्यांचेही दोन प्रकार असतात. काहींवर तंत्रज्ञान उलट प्रेम करतं. अष्टपुत्र्यांचं प्रेम मात्र पहिल्या दिवसापासून एकतर्फी होतं. नवं अ‍ॅप निघालं की ते उतरवून घ्यायचे, आणि ते अ‍ॅप फोनमधून काढायला आठवडाभर खपायचे. दिवाणखान्यातला दिवा त्यांनी आवाजी हुकमावर चालणारा करून घेतला, तेव्हापासून स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की बाहेर अंधार व्हायचा. त्यांच्या बायकोने, सुचेताने, वरण पातेल्यात शिजवायला सुरुवात केली.

हे सगळं चाललं असतं. पण मुग्धाचं दुखणं वेगळं होतं. मुग्धा ही त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत असताना ती रेडिओपासून ग्रहणापर्यंत सगळं बाबांना विचारायची, आणि बाबाही माहीत असलेलं आणि नसलेलं सारख्याच आत्मविश्वासाने सांगायचे. आता ती व्हाइटफील्डला एका मोठ्या कंपनीत होती, तिथेच मैत्रिणीबरोबर राहायची आणि सवड मिळेल तेव्हा रविवारी जेवायला यायची. जेवताना अष्टपुत्र्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी तोंड उघडलं की ती अतिशय प्रेमळपणे म्हणायची, "बाबा, राहू द्या ना." तिला काही विचारायचं असेल तर ती फोनला विचारायची. आपल्याच ताटासमोर बसून आपली मुलगी एका यंत्राला प्रश्न विचारते आणि आपण कोशिंबीर वाढतो, हे अष्टपुत्र्यांच्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून परीक्षकाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना पहिला विचार हाच सुचला की मुग्धाने समोर बसून बघावं. शंभर पोरं आपल्या बाबांना 'सर, कसं वाटलं?' असं विचारताहेत हे तिने एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचं आपोआप होईल.

त्यांनी लगेच फोन केला. "शनिवारी एका नामांकित संस्थेत मला परीक्षणाला बोलावलंय," ते म्हणाले. संस्थेचं नाव मुद्दामच सांगितलं नाही. तिने विचारावं अशी अपेक्षा होती.

"अरे वा, बाबा! काँग्रॅट्स! पण शनिवारी मला बहुतेक ऑफिसचं काहीतरी आहे," मुग्धा म्हणाली आणि नाव न विचारता फोन ठेवला.

आता हे परीक्षकपद म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. बंगळुरात इंजिनिअरिंग कॉलेजं किती, हे सरकारलाही धड माहीत नसावं. या प्रत्येक कॉलेजाचा वर्षातून एक तंत्रोत्सव असतो. त्यात पोरं रात्रभर जागून, पिझ्झा खाऊन, कोणालाही न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधतात आणि सकाळी ती उत्तरं पडद्यावर दाखवतात. त्यांना परीक्षक लागतात. चांगले परीक्षक चांगलं जेवण असलेल्या उत्सवाला जातात. हर्षिताच्या कॉलेजाचा 'टेक्नोमंथन' त्यात बसत नव्हता. एका परीक्षकाने ऐन वेळी अंग काढून घेतलं होतं.

"बाळअंकल, नीवु बरलेबेकु," हर्षिता म्हणाली होती. ती अष्टपुत्र्यांकडे पुरणपोळ्या खात मोठी झालेली, त्यामुळे तिचं मराठी कन्नडच्या चालीवर का होईना पण चालायचं. "तुम्ही यायलाच पाहिजे. आमचे सर बोलले, इंडस्ट्रीमधला एक्सपीरियन्सवाला कोणीतरी बेकु. मी तुमचं नाव दिली. फक्त पोर्टलवर रजिस्टर करा. पोर्टलमध्ये नाव नाही तर गेटवरच सोडत नाहीत."

"त्यात काय मोठं?" अष्टपुत्रे म्हणाले. इथेच सगळं फसलं.

कारण याच सुमारास अष्टपुत्र्यांना मातृभाषेच्या अभिमानाचा झटका आलेला होता. मंडळाच्या मराठी दिनाला कोणीतरी तळमळीचं भाषण केलं होतं की, परमुलुखात राहून आपण निदान संगणक तरी मराठीतून वापरावा. भाषण ऐकून बाकीचे बटाटेवडे खायला गेले. अष्टपुत्र्यांनी घरी येऊन संगणकावर एक भाषांतराचं साधन बसवलं. समोर आलेलं इंग्रजी पान ते साधन मराठीत करून दाखवायचं, आणि आपण मराठीत लिहिलेलं इंग्रजी करून पुढे पाठवायचं. अष्टपुत्रे त्यावर बेहद्द खूश होते.

गुरुवारी संध्याकाळी ते पोर्टल उघडून बसले. शेजारी सल्लागार म्हणून गुरुराज. गुरुराज सरकारी कोषागारातून निवृत्त झालेले, त्यामुळे कोणत्याही अर्जाकडे ते संशयानेच बघत. पान मराठीत उघडलं आणि दोघेही गंभीर झाले. 'तुमचा रूळ निवडा' अशी पहिली सूचना होती. त्याखाली 'ढग' आणि 'खोल शिक्षण' असे पर्याय होते. पुढे 'खेळपट्टी तीन मिनिटांची असेल' आणि 'उद्रेकाच्या वेळी अल्पोपाहार मिळेल' अशी आश्वासनं होती. एका कोपऱ्यात ढेकूण पकडणाऱ्यास बक्षीस जाहीर केलं होतं.

"हॉस्टेलमध्ये ढेकूण फार असतात," गुरुराज म्हणाले. "ते बरं केलं."

नावाच्या रकान्यात अष्टपुत्र्यांनी अभिमानाने देवनागरीत 'बाळ अष्टपुत्रे' असं लिहिलं. हे नाव घरगुती नाही, कागदोपत्रीच आहे. बारशाला त्यांच्या दोन आत्यांचं नावावरून जे भांडण झालं ते शाळेत घालायची वेळ आली तरी मिटलं नव्हतं, म्हणून मास्तरांनी सगळे ज्या नावाने हाक मारत होते तेच दाखल्यात लिहिलं. बंगळुरात बदली झाल्यावर त्यांना कळलं की कन्नडमध्ये 'बाल' म्हणजे शेपूट. गल्लीतली पोरं काही वर्षं हसली, मग त्यांनाही मुलं झाली. अष्टपुत्र्यांनी हे सगळं पचवलं होतं. नावावरून आणखी काही व्हायचं शिल्लक असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

टी-शर्टाच्या मापाशी 'मोठा, मध्यम, लहान' असं आलं. अष्टपुत्र्यांना वाटलं उत्पन्नगट विचारताहेत. त्यांनी प्रामाणिकपणे 'मध्यम' निवडलं. वयाची यादी पंचवीसपाशी संपत होती. पंचविशीनंतरही माणूस जगतो, ही शक्यता पोर्टलने विचारात घेतली नव्हती. शेवटचा पर्याय 'पंचवीस आणि वर' असा होता, आणि अष्टपुत्रे निःसंशय वर होते.

मग आला कळीचा रकाना: 'तुमची भूमिका'. खाली चार पर्याय होते. न्यायाधीश, मार्गदर्शक, स्वयंसेवक, सहभागी.

अष्टपुत्र्यांचं बोट 'न्यायाधीश'कडे निघालं. गुरुराजांनी त्यांचं मनगट धरलं.

"बेडा सार! बेडवे बेडा!" ते म्हणाले. "तुम्ही पेन्शनर आहात. न्यायाधीश आहे म्हणून ऑनलाइन लिहून देणार? उद्या कोणी तक्रार केली, नसलेलं पद लावलं म्हणून, तर? आमच्या ऑफिसात एकाने लग्नाच्या पत्रिकेत 'तहसीलदार' छापलं होतं, होता क्लार्क. त्याची चौकशी निवृत्तीनंतरही चालू होती."

सरकारी माणसाला वाघाची भीती घालता येत नाही, पण पेन्शनची घालता येते. अष्टपुत्र्यांनी बोट खाली घेतलं. 'मार्गदर्शक' म्हणजे पीएच.डी.वाले, ते आपण नव्हे. 'स्वयंसेवक' म्हणजे खुर्च्या उचलणारे. राहिलं 'सहभागी'. आणि तो शब्द बघताच त्यांचा चेहरा उजळला. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेत दरवर्षी अध्यक्षांच्या नावाखाली ठळक छापलेलं असे: 'सहभागी मान्यवर'. दहा वर्षं त्या मथळ्याखाली आपलं नाव यावं म्हणून ते झुरत होते.

"एकदा हर्षिताला विचारा ना," सुचेता आतून म्हणाली.

"परीक्षकाने आयोजकांना विचारत बसणं बरं दिसत नाही," अष्टपुत्रे म्हणाले आणि 'सहभागी'वर बोट टेकवलं.

लगेच ईमेल आली. ती इंग्रजीत होती, पण साधनाने तत्परतेने मराठीत करून दाखवली: 'अभिनंदन, बाळ आठ मुलगे! तुमचा सहभाग निश्चित झाला आहे.' मूळ इंग्रजी काय असेल ते बघावं, असं अष्टपुत्र्यांना वाटलं नाही. त्यांना कौतुक वाटलं. "बघा गुरुराज, परकं यंत्र," ते म्हणाले, "पण आडनावाचा अर्थसुद्धा कळला त्याला!"

शनिवारी अष्टपुत्रे लग्नातला कोट घालून निघाले. बरोबर सुचेता, आणि मुलीचा उत्सव म्हणून गुरुराज. मेट्रोने बसवनगुडीजवळ उतरून रिक्षा केली. कॉलेजच्या दारात कमान होती, कमानीवर प्रायोजकांची नावं होती आणि नावांच्या गर्दीत कॉलेजचं नाव शोधावं लागत होतं. टेबलामागे एक मुलगी याद्या चाळत बसली होती.

"बाळ अष्टपुत्रे," अष्टपुत्रे शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणाले.

तिने यादी खालीवर केली. अष्टपुत्र्यांनी ईमेलबरोबर आलेला चौकोनी ठिपक्यांचा कोड दाखवला. यंत्र पीं करून वाजलं, आणि मुलीने कोटाकडे, मग मागच्या बाजूला, मग सुचेताकडे पाहिलं. "बेबी बंदिल्वा अंकल?" तिने विचारलं. "बेबी आली नाही? पेरेंट्सना आत अलाउड नाही."

"कोण बेबी?"

तिने त्यांच्या गळ्यात घालायचं ओळखपत्र पुढे केलं. त्यावर ठळक इंग्रजीत छापलं होतं: बेबी एट सन्स. खाली: पार्टिसिपंट.

सुचेताने ते वाचलं आणि पदराचं टोक तोंडाशी नेलं. गुरुराजांनी ते दोनदा वाचलं. "आठ मुलगे," ते हळूच म्हणाले, "म्हणजे बरोबरच आहे की." अष्टपुत्र्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कारखान्यात ते नाकारलेल्या मालाकडे ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने ती मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

हर्षिता कानाला यंत्र लावून धावत आली. "अय्यो अंकल! याके? का पार्टिसिपंट टाकला? जज लिस्टमध्ये तुमचं नाव दिसलं नाही, म्हणून सरांनी काल एका कंपनीला फोन करून दुसरी जज मागवली!"

"मग आता बदला."

"पोर्टल लॉक झालं. कोणालाच चेंज करता येत नाही."

"असलं पोर्टल बनवलं कोणी?"

"आमच्याच कॉलेजने," हर्षिता अभिमानाने म्हणाली. "लास्ट इयरचं विनिंग प्रोजेक्ट आहे ते."

यावर शहाण्या माणसाने घरी जायला हवं होतं. अष्टपुत्रे वळलेही. पण गुरुराजांना ओळखपत्राला जोडलेलं जेवणाचं कूपन दिसलं होतं. "बंदिद्दीवी," ते म्हणाले, "आलोच आहोत तर ऊटा माडकोंडु होगोणा, जेवूनच जाऊ." शिवाय हर्षिता रडकुंडीला आली होती. अडचण अशी की पोर्टल सगळ्यांना ओळीने स्टेजवर बोलवायचं, आणि एका स्पर्धकाला दोन्ही परीक्षकांनी गुण दिल्याशिवाय पुढच्याचं नावच उघडायचं नाही. बेबी एट सन्स गैरहजर राहिली तर उत्सव तिच्या नावापाशी अडकून पडणार होता. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी अंकल," ती म्हणाली. "दोन मिनिट काहीही बोला. कोणाला कळणार नाही."

आणि स्पर्धकाला टी-शर्ट घालणं सक्तीचं होतं. मध्यम मापाचा तो टी-शर्ट अष्टपुत्र्यांच्या शर्टावरून पोटापर्यंत आला आणि तिथे थांबला. त्यावर 'भविष्य हॅक करा' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं होतं. कोट त्यांनी सुचेताच्या हातात दिला, आणि हर्षिताने स्वयंसेवक म्हणून सांगून तिला आणि गुरुराजांनाही आत घेतलं. मुग्धा आली नाही याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले.

सभागृहात दीपप्रज्वलन चाललं होतं. समई विजेची होती आणि ती एका अ‍ॅपवरून पेटायची होती. प्रमुख पाहुणे फोनवर बोट आपटत होते, समई ढिम्म. शेवटी कोणीतरी मागून तिची वायर सॉकेटात खोचली आणि टाळ्या झाल्या. मग सादरीकरणं सुरू झाली. प्रत्येक पोरगं 'इमॅजिन' या शब्दाने सुरुवात करायचं, आणि जे कल्पायला सांगायचं ते कल्पनेतच बरं होतं. तहान लागल्यावर पाणी पिण्याची आठवण करणारं अ‍ॅप होतं. कचरा टाकला की इंग्रजीत आभार मानणारी कचराकुंडी होती. ती कचरा न टाकताही आभार मानत राहिली आणि शेवटी तिला उचलून बाहेर ठेवावं लागलं. हॉस्टेलच्या जेवणाची नोंद जगात कोणालाही खोडता येणार नाही अशी व्यवस्था एका गटाने केली होती. जेवण सुधारावं असं त्यांच्यापैकी कोणाला वाटल्याचं दिसत नव्हतं.

परीक्षकांच्या टेबलाशी एक जितेंद्र नावाचा तरुण होता. तो संस्थापक होता. कशाचा, ते त्याने स्वतःच्या परिचयात बराच वेळ सांगितलं, पण कोणालाही कळलं नाही. दुसरी खुर्ची रिकामी होती; तिथले गुण तोवर संयोजक सर उभ्याने भरत होते. अष्टपुत्रे तिच्याकडे बघत बसले, कारण ती त्यांची होती. तेवढ्यात बाजूच्या दारातून उशीर झाल्याबद्दल माफी मागत एक मुलगी आली, पाठीवरची बॅग खाली ठेवली आणि त्या खुर्चीत बसली.

सुचेताने अष्टपुत्र्यांचा दंड घट्ट पकडला. ती मुग्धा होती.

ऑफिसचं जे काहीतरी होतं, त्याच्या जागी ऐन वेळी हे आलं होतं. तिला साहेबांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, उद्या अमुक कॉलेजात जाऊन बस. शहरात त्या शनिवारी असे किती उत्सव असतील कोण जाणे. बाबांच्या 'नामांकित संस्थे'शी याचा संबंध जोडायचं तिला काही कारणच नव्हतं. अष्टपुत्रे खुर्चीत घसरून बसले. पळून जावं असं त्यांना कळकळीने वाटलं. पण त्यांच्या एका बाजूला गुरुराज होते आणि दुसऱ्या बाजूला सुचेता, आणि दोघांपैकी एकाचेही गुडघे चटकन उठण्याच्या लायकीचे नव्हते.

पडद्यावर नाव उमटलं. "नेक्स्ट," निवेदक ओरडला, "बेबी एट सन्स!"

सभागृहाला इतका आनंद दिवसभरात झाला नव्हता. "बेबी! बेबी!" असा गजर सुरू झाला. त्या गजरात साठी उलटलेले, लग्नातली पँट आणि पोटावर अडकलेला टी-शर्ट घातलेले अष्टपुत्रे पायऱ्या चढून गेले. गजर हळूहळू विरला. मुग्धाने कागदावरून मान वर केली आणि तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

"ओके सर, व्हॉट्स युवर प्रॉब्लेम स्टेटमेंट?" जितेंद्रने विचारलं.

अष्टपुत्र्यांनी इंग्रजीची जुळवाजुळव केली, ती जमली नाही, आणि तोंडातून निघालं, "अहो, काय सांगायचं आता..."

"ओह, मराठी का काका? मीपण पुण्याचा!" जितेंद्र खुलला. "चिल. बेसिकली तुमचा प्रॉब्लेम काय आहे?"

"माझा प्रॉब्लेम हे पोर्टल आहे," अष्टपुत्रे म्हणाले.

आणि एकदा खोट सापडली म्हटल्यावर त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. भाषांतराचं ते साधन त्यांनी हर्षिताला पडद्यावर लावायला सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, मध्येच कन्नडमध्ये, त्यांनी काय काय झालं ते सांगितलं. न्यायाधीश का झालो नाही, हे सांगितलं तेव्हा मागे बसलेले दोन प्राध्यापक, जे स्वतः पेन्शनला आले होते, मान डोलावून समजल्याचं सांगू लागले. आपलं नाव लिहून दाखवलं. मग गुरुराजांचं लिहिलं. पडद्यावर 'टीचर किंग' असं उमटलं, आणि तिसऱ्या रांगेत टीचर किंगांनी उभं राहून सर्व दिशांना नमस्कार केला. पोरं फोन खाली ठेवून आपापली नावं ओरडायला लागली. कचराकुंडीच्या वेळी हे झालं नव्हतं.

"सुपर फन, काका," जितेंद्र म्हणाला. "पण सोल्यूशन काय? स्केल कसं करणार?"

"सोल्यूशन नाही," अष्टपुत्रे म्हणाले. "मी फक्त तपासतो."

जितेंद्रने दहापैकी दोन गुण दिले आणि माइक मुग्धाकडे सरकवला. मुग्धाने खाली पडलेलं पेन उचललं. मग तिने परीक्षकाच्या आवाजात, पण मराठीत विचारलं, "फॉर्म भरताना अडलं होतं, तर कोणाला विचारलं का नाही? या क्षेत्रातलं जवळचं कोणी नव्हतं?"

अष्टपुत्र्यांनी तिच्याकडे पाहिलं. स्टेजवरच्या दिव्यांमुळे तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणूनच कदाचित त्यांना बोलता आलं. "होतं ना. एकच माणूस होतं," ते म्हणाले. "पण तिलाच दाखवायचं होतं, की मलाही काहीतरी येतं. तिलाच विचारलं असतं, तर दाखवायला काय उरलं असतं?"

मागच्या पडद्यावर स्टेजवरचं बोलणं आपोआप लिहून दाखवण्याची सोय केलेली होती. मराठी कानावर पडताच त्या सोयीने लिहिलं: 'संगीत सुरू आहे.'

सभागृहात अष्टपुत्र्यांचं ते बोलणं बहुतेकांना कळलं नाही. ज्यांना कळलं त्यांपैकी सुचेता कोटाच्या बाहीने डोळे पुसत होती आणि जितेंद्र फोनमध्ये बघत होता. मुग्धा उभी राहिली. "मी या स्पर्धकाला गुण देऊ शकत नाही," ती माइकवर इंग्रजीत म्हणाली. "ते माझे वडील आहेत."

आधी शिट्ट्या झाल्या, मग पोर्टल अडकलं. दुसऱ्या परीक्षक हजर झाल्यापासून त्यांनी स्वतः गुण भरल्याशिवाय ते पुढे सरकायला तयार नव्हतं. संयोजक सर घामाघूम होऊन आले. "मॅडम, काहीही द्या. शून्य द्या. सिस्टीम शून्य घेते."

"शून्य हेसुद्धा गुणच आहेत," मुग्धा म्हणाली. "नियमात बसत नाही." पेन्शनरांच्या रक्तातलं ते मुलांतही कुठेतरी उतरतंच. सर विनवत राहिले, ती हलली नाही, आणि पडद्यावर 'बेबी एट सन्स' ही अक्षरं तशीच झळकत राहिली. भविष्य हॅक करायला जमलेली दोनशे पोरं एका बाप-लेकीपुढे हात टेकून बसली. शेवटी जेवण लवकर जाहीर करण्यात आलं. गुरुराज सगळ्यात आधी रांगेत होते.

गेल्या वर्षीच्या विजेत्याला फोन लावण्यात आला. त्याने कुठूनतरी पोर्टल उघडून दिलं, आणि तोडगा निघाला तो असा की बेबी एट सन्स यांना स्पर्धेतून बाद ठरवावं. कारणाच्या रकान्यात 'वय' असं लिहिलं गेलं. अष्टपुत्र्यांना हे हर्षिताने जिलेबी वाढता वाढता सांगितलं. त्यांनी टी-शर्ट काढून कोट चढवला आणि कोणाचाही निरोप न घेता फाटकाबाहेर येऊन उभे राहिले. महाराष्ट्र मंडळाच्या गटावर चिटणिसांनी विचारलं होतं, 'कसे झाले परीक्षण?' त्यांनी फोन खिशात टाकला.

मुग्धा मागून आली. पाठीवर बॅग होती आणि डोळे थोडे लाल होते. आता काय ऐकायचं ते ऐकून घ्यावं, म्हणून अष्टपुत्रे रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"बाबा," ती म्हणाली, "आमच्या कंपनीतही हाच घोळ आहे. गावोगावचे लोक आपल्या भाषेत नावं भरतात आणि आमच्याकडे भलतंच काहीतरी येतं. दोन महिने झाले, मला टीमला पटवून देता येत नाहीये की चूक नेमकी कुठून सुरू होते. तुम्ही आज जसं दाखवलंत ना, एकेक पायरी, तसं मला नाही जमत." ती थांबली. "रविवारी माझ्याबरोबर बसाल का? मला शिकवा, तपासायचं कसं ते."

अष्टपुत्र्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि कॅलेंडर उघडलं. रविवार कोरा होता. सोमवारही कोरा होता, आणि तिथून दिवाळीपर्यंत काहीही लिहिलेलं नव्हतं. ते बोटाने एकेक आठवडा वर सरकवत कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बघत राहिले.

"सकाळचं जमवतो," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी जरा आधी कळवत जा."